बडोद्यात पीएचडी करायची तर: कोणती पायरी आधी, कोणती नंतर

पीएचडीची चौकशी करायला येणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "विषय कोणता घेऊ?" मग कुणीतरी सुचवलेला विषय घेतात, तो घेऊन गाइड शोधत फिरतात, गाइड हो म्हणेपर्यंत प्रवेशाची तारीख उलटून जाते. पुढच्या वर्षी प्रवेश मिळालाच, तर दोन वर्षांनी लक्षात येतं की विषयाला लागणारे कागद आपल्याला वाचताच येत नाहीत. यातलं प्रत्येक काम करायचंच असतं, पण क्रम उलटा लागलेला असतो.

खाली तो सरळ करून दिला आहे. उदाहरणं बडोद्याची आणि बहुतेक इतिहास, भाषा, समाजशास्त्र या बाजूची आहेत. प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांनी दुसऱ्या पायरीत दफ्तराच्या जागी उपकरण वाचावं. बहुतेक नियम यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०२२ च्या विनियमांतले आहेत. त्यावर प्रत्येक विद्यापीठाचा आपला अध्यादेश असतो. तो उतरवून, छापून हाताशी ठेवा. वाचायला कंटाळवाणा असतो, पण सहा वर्षं तुम्हाला त्याच्याच तालावर चालायचं आहे.

१. आधी कागद आणि खिसा

नेहमीची पात्रता म्हणजे दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी आणि किमान ५५ टक्के. चार वर्षांची पदवी घेऊन थेट यायचं असेल तर ७५ टक्के. अनुसूचित जाती-जमाती, नॉन-क्रीमी लेअर ओबीसी, दिव्यांग आणि ईडब्ल्यूएस उमेदवारांना ५ टक्क्यांची सवलत आहे.

गुण बहुतेकांचे असतात. अडकतं ते नावात. आपल्या मराठी घरांत हा घोळ खास: शाळेच्या दाखल्यावर वडिलांचं नाव वसंतराव, गुजरातेतल्या गुणपत्रिकेवर वसंतभाई, आधारवर नुसतं वसंत. आडनाव कुठे आधी, कुठे शेवटी. पुण्या-नागपूरहून लग्न होऊन बडोद्यात आलेल्या मुलींच्या पदवीवर माहेरचं नाव आणि बाकी सगळीकडे सासरचं. शिवाय आधीच्या विद्यापीठाचं मायग्रेशन सर्टिफिकेट आणायचं राहिलेलं असतं. प्रवेशाच्या आठवड्यात हे निस्तरायला गेलात तर खिडकीवरच्या बेन तुम्हाला अॅफिडेव्हिटच्या फेऱ्यांत अडकवतील, आणि चूक त्यांची नसेल. फॉर्म निघण्याच्या सहा महिने आधी सगळी कागदपत्रं एका टेबलावर पसरा आणि नावाचं एकच रूप ठरवून बाकीची त्याप्रमाणे दुरुस्त करून घ्या. प्रबंधाच्या मुखपृष्ठावर आणि पदवीवर हेच नाव छापलं जाणार आहे.

आता पैसा. राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून (नेट) मिळणारी संशोधनवृत्ती, म्हणजे जेआरएफ, मिळाली तर पहिली दोन वर्षं दरमहा ३७,००० रुपये आणि नंतर एसआरएफ (वरिष्ठ वृत्ती) म्हणून ४२,०००, घरभाडं वेगळं. हे दर १ जानेवारी २०२३ पासूनचे. गुजरात सरकारच्या 'शोध' योजनेत दरमहा १५,००० आणि किरकोळ खर्चाला वर्षाला २०,००० रुपये मिळतात. तिची मुदत आणि अटी त्या वर्षीच्या जाहिरातीत वाचा. दोन्ही नसेल तर घर कशावर चालणार, हे घरच्यांसमोर बसून आताच बोलून घ्या.

वेळेचा हिशेब असा: कमीत कमी तीन वर्षं, जास्तीत जास्त सहा. पुनर्नोंदणी करून आणखी दोन. स्त्रियांना आणि ४० टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्व असलेल्यांना त्यावर आणखी दोन, पण एकूण दहाच्या वर नाही. बाळंतपण आणि बालसंगोपनासाठी स्त्रियांना २४० दिवसांपर्यंत रजा मिळू शकते. ही रजा मागायला लाजणाऱ्या आणि मग मुदत संपत आल्यावर रडकुंडीला येणाऱ्या मुली पाहिल्या आहेत. नियमात आहे, लेखी अर्ज करा.

नोकरी करत असाल तर अर्धवेळ पीएचडी चालते. मात्र संस्थेकडून ना हरकत पत्र हवं, आणि त्यात तीन गोष्टी स्पष्ट लिहिलेल्या हव्यात: अर्धवेळ अभ्यासाला परवानगी आहे, कामातून संशोधनाला पुरेसा वेळ मिळेल, आणि गरज पडल्यास कोर्सवर्कसाठी, म्हणजे सुरुवातीच्या वर्गांसाठी, मोकळं करू. "आमची हरकत नाही" एवढ्या एका ओळीच्या पत्राने पुढे अडचण होते.

सावधान: दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीची पीएचडी यूजीसी मानत नाही. "वर्षभरात पदवी, प्रबंधासकट" असं सांगणाऱ्या कन्सल्टन्सीला एक रुपयाही देऊ नका.

२. विषय ठरवण्याआधी साधनं बघा

ही पायरी बहुतेक जण गाळतात, म्हणून इथे जरा थांबतो.

बडोद्यात बसून काय काय हाताला लागतं? महाराजा सयाजीराव विद्यापीठाची हंसा मेहता लायब्ररी. संस्कृत आणि इतर हस्तलिखितांसाठी प्राच्यविद्या मंदिर. जुन्या छापील पुस्तकांच्या चौकशीसाठी मांडवीची सेंट्रल लायब्ररी. संस्थानच्या कारभाराच्या कागदांसाठी राज्य अभिलेखागाराचं इथलं दफ्तर. या प्रत्येक ठिकाणी विषय डोक्यात न ठेवता एकदा जाऊन या. कॅटलॉग कसा आहे, कागद मागवल्यावर किती वेळात येतो, फोटो काढू देतात का, झेरॉक्सचा नियम काय, परवानगीला कुणाचं पत्र लागतं, हे वहीत लिहून आणा.

मग भाषेची आणि लिपीची परीक्षा स्वतःच घ्या. आपल्याकडे एक समज आहे की गायकवाडांचं दफ्तर म्हणजे सगळं मराठी, आणि मराठी तर आपल्याला येतंच. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातले कागद मोडीत आहेत, आणि घरी बोलल्या जाणाऱ्या मराठीच्या बळावर ते वाचता येत नाहीत. सयाजीरावांच्या काळात आलात तर कारभाराचं पुष्कळसं साहित्य गुजराती आणि इंग्रजीत आहे. म्हणजे काळ पन्नास वर्षांनी पुढे-मागे सरकला की शिकायची लिपीच बदलते. मोडी चांगली वाचता यायला काही महिने रोजचा सराव लागतो. अक्षरओळख पंधरवड्यात होते, पण घाईत लिहिणाऱ्या कारकुनाचं अक्षर लागायला वेळ जातो.

तारखांचंही तसंच. गुजरातेतला विक्रम संवत कार्तिकात बदलतो. दिवाळीनंतर डिसेंबरअखेरपर्यंतच्या तारखेतून ५७ वजा करायचे, जानेवारीपासून पुढच्या दिवाळीपर्यंत ५६. संवत १९६३ चा मार्गशीर्ष म्हणजे १९०६ आणि त्याच संवताचा वैशाख म्हणजे १९०७. शके असेल तर ७८ मिळवायचे, पण जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंत ७९. पूर्ण प्रबंधात एकच आकडा वजा करत गेलेले लोक असतात. परीक्षकाला पहिल्या दहा पानांत ते दिसतं आणि पुढची पानं तो संशयानेच वाचतो.

तपासणी: मनात असलेल्या काळातले कोणतेही पाच कागद काढून, कुणाची मदत न घेता, त्यांचा सारांश लिहून पाहा. पाचांपैकी दोनच जमले तर एक तर लिपी शिका, नाही तर काळ बदला. आत्ता बदलणं फुकट आहे.

३. विषयाचा प्रश्न करा

"बडोदा संस्थानातील शिक्षण" हे ग्रंथाचं नाव होऊ शकतं, प्रबंधाचा प्रश्न नाही. तो बारीक कसा करायचा ते बघू. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग संस्थानात १८९३ साली अमरेली भागात सुरू झाला आणि १९०६ साली सगळीकडे लागू झाला. इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. आता विचारा: सक्ती म्हणजे मुलाला न पाठवणाऱ्या पालकाला दंड. मग नवसारी प्रांतात पहिल्या दहा वर्षांत तो दंड प्रत्यक्षात कुणाकडून वसूल झाला, शेतमजुराकडून की दुकानदाराकडून? माफ कधी होत असे? माफीचा अधिकार कुणाला होता? या प्रश्नाला जागा आहे, काळ आहे, आणि उत्तर कुठल्या कागदांत सापडेल याचा अंदाज आहे. कागद सापडले नाहीत तर सहा महिन्यांत तेही कळेल.

मग शोधगंगेवर जा. देशभरातले स्वीकारलेले प्रबंध तिथे आहेत, आणि चालू कामांचे आराखडे शोधगंगोत्रीवर. तुमचा विषय मराठी, गुजराती, इंग्रजी तिन्ही भाषांत आणि दोन-तीन वेगवेगळ्या शब्दांनी शोधा. मिळताजुळता प्रबंध सापडला तर हातपाय गाळू नका. त्याची संदर्भसूची आणि शेवटचं प्रकरण वाचा. पुढे करायची कामं बहुतेकांनी स्वतःच लिहून ठेवलेली असतात.

४. गाइड

प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चार विद्यार्थी घेता येतात. निवृत्तीला तीन वर्षांहून कमी राहिलेल्यांना नवा विद्यार्थी घेता येत नाही. म्हणून भेटीत पहिला प्रश्न "सर, यंदा तुमच्याकडे जागा रिकामी आहे का?" हाच असावा. नाव मोठं आणि जागा नाही, अशा ठिकाणी वर्ष घालवू नका.

भेटायला जाताना एक पान न्या: प्रश्न काय, साधनं कुठे, तुम्हाला कोणत्या लिपी-भाषा येतात. त्यांचे निदान दोन लेख आधी वाचलेले असू द्या. ओळखीच्या काकांची चिठ्ठी नेऊ नका. काम होतं कधीकधी, पण पुढची पाच वर्षं तुम्ही काकांचे माणूस राहता.

आणि त्यांच्याकडे सध्या काम करणाऱ्यांशी बोला. सेव-उसळ खाता खाता जे कळतं ते विभागाच्या वेबसाइटवर नसतं. विचारायचं एवढंच: प्रकरण दिल्यावर किती दिवसांत परत येतं, आणि त्यावर काही लिहिलेलं असतं का? स्वभावाने कडक पण प्रकरण वाचून देणारा गाइड, गोड बोलून वर्षभर फाइल कपाटात ठेवणाऱ्यापेक्षा केव्हाही बरा.

सावधान: प्रबंध मराठीत लिहायचा की इंग्रजीत, हे याच भेटीत विचारा आणि विद्यापीठाच्या नियमात पडताळा. विभागानुसार उत्तर बदलतं.

५. प्रवेश

जून २०२४ पासून नेटच्या निकालात तीन गट असतात: जेआरएफसह सगळं, सहायक प्राध्यापकपद व पीएचडी प्रवेश, आणि फक्त पीएचडी प्रवेश. दुसऱ्या-तिसऱ्या गटातल्यांसाठी नेटच्या गुणांना ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के वजन. जेआरएफवाल्यांची निवड मुलाखतीवर. इथे चूक होते ती मुदतीची: दुसऱ्या-तिसऱ्या गटाचे गुण प्रवेशासाठी एकच वर्ष चालतात. "नेट झालंय, आता निवांत" म्हणून बसलात तर ते परत द्यावं लागेल. विद्यापीठ स्वतःची प्रवेशपरीक्षा घेत असेल तर त्यात निम्मा भाग संशोधनपद्धतीचा असतो. विषयात हुशार मुलं याच निम्म्यात पडतात.

मुलाखतीत विषयाचं महत्त्व सांगण्यात वेळ घालवू नका. प्रश्न एका वाक्यात, साधनं दोन वाक्यांत, आणि "हेच का?" याचं उत्तर तयार ठेवा.

६. कोर्सवर्क

किमान १२ क्रेडिट, त्यात संशोधन व प्रकाशननीतीचा पेपर सक्तीचा, आणि किमान ५५ टक्के हवेत. मार्गदर्शनाखाली थोडं शिकवायचंही असतं. हजेरी लावा, पास व्हा. एकच सूचना: कोर्सवर्कमधले सगळे निबंध आपल्या प्रश्नाभोवतीच लिहा, म्हणजे पूर्वसंशोधनाच्या आढाव्याचा कच्चा खर्डा आपोआप तयार होतो.

७. आराखडा आणि समिती

कोर्सवर्कनंतर सिनॉप्सिस, म्हणजे संशोधनाचा आराखडा, संशोधन सल्लागार समितीसमोर, म्हणजे आरएसीसमोर, मांडायचा. शीर्षकातला प्रत्येक शब्द तुम्हाला बांधून ठेवतो. "पश्चिम भारत" लिहिलंत तर परीक्षक सौराष्ट्र, खानदेश आणि कोकण विचारेल. काळ आणि जागा शीर्षकातच घाला. "एक चिकित्सक अभ्यास" हे शेपूट काढून टाका. चिकित्सा नसेल तर तो प्रबंधच नाही.

त्यानंतर दर सत्रात समितीपुढे प्रगती सांगायची असते. हे रजिस्टरवर सही करण्याचं काम समजू नका. समितीने तोंडी सांगितलेले बदल त्याच दिवशी ईमेलने गाइडना लिहून पाठवा: "आज ठरल्याप्रमाणे तिसऱ्या प्रकरणातून अमुक भाग काढत आहे." समितीचे सदस्य बदलतात, आणि नवा सदस्य नेमकं काढलेलंच परत घाला म्हणतो. तेव्हा हा ईमेल उपयोगी पडतो.

तपासणी: शीर्षक किंवा गाइड बदलण्याची मुदत अध्यादेशात कुठे लिहिली आहे ते शोधून खूण करून ठेवा.

८. नोंदी आणि लेखन

प्रबंध बिघडतो तो बहुधा नोंदींत. दफ्तरात बसून भराभर फोटो काढले जातात आणि दोन वर्षांनी मोबाइलमध्ये शेकडो चित्रं उरतात, कुठला कागद कुठल्या रुमालातला (कापडात बांधलेल्या गठ्ठ्यातला) याचा पत्ता नाही. म्हणून फोटोच्या आधी चिठ्ठी: दफ्तराचं नाव, रुमाल क्रमांक, कागदाचा क्रमांक, मूळ तारीख जशी लिहिली आहे तशीच, इसवी सन कंसात, आणि तुम्ही कागद पाहिला तो दिवस. ही चिठ्ठी कागदाशेजारी ठेवून पहिला फोटो तिचा काढा. घरी आल्यावर त्याच रात्री चित्रांना नावं द्या. रविवारवर ढकललंत की संपलं.

नोंदीत तीन गोष्टी वेगळ्या दिसल्या पाहिजेत: कागदातले जसेच्या तसे शब्द अवतरणात, तुमचा सारांश साधा, आणि तुमचं मत वेगळ्या रंगात. हे एकत्र कालवलं की पुढे दुसऱ्याचं वाक्य आपलं म्हणून प्रबंधात जातं. बहुतेक उचलेगिरी अशी नकळत होते, पण नियम हेतू विचारत नाही.

टंकलेखन पहिल्या दिवसापासून युनिकोडमध्ये करा. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर आपल्याला देवनागरी दिसतो, संगणकाला मात्र ती रोमन अक्षरांची खिचडी वाटते. पीडीएफमध्ये शब्द शोधता येत नाही, संदर्भसूची अकारविल्हे लागत नाही, आणि साम्य तपासणारं सॉफ्टवेअर काहीही आकडा दाखवतं. रावपुऱ्यातल्या टायपिंगवाल्याकडे काम देणार असाल तर "युनिकोडच" असं आधी ठरवून घ्या. संदर्भांसाठी झोटेरो वापरा, फुकट आहे.

लेखनाचा क्रम: आधी साधनं नीट हाताला आलेलं मधलं प्रकरण, मग बाकीची, प्रस्तावना शेवटून दुसरी आणि निष्कर्ष सगळ्यात शेवटी. प्रस्तावनेपासून सुरू करणारे तिच्यातच अडकून पडतात, कारण आपण काय सिद्ध केलं हे त्यांना अजून माहीतच नसतं. गाइडना एका वेळी एकच प्रकरण द्या. चारशे पानांचा गठ्ठा एकदम कुणी वाचत नाही.

सावधान: चॅटजीपीटीसारख्या साधनांनी दिलेला संदर्भ स्वतः पुस्तक उघडून पाहिल्याशिवाय घेऊ नका. अस्तित्वात नसलेली पुस्तकं ती खुशाल पृष्ठक्रमांकासकट देतात.

लेख छापण्याबद्दलही गोंधळ आहे. २०२२ च्या विनियमांत प्रबंधापूर्वी लेख छापण्याची सक्ती राहिलेली नाही, पण विद्यापीठाने स्वतःची अट ठेवली असू शकते. यूजीसी-केअर ही मान्य नियतकालिकांची यादीही आता बंद झाली आहे, त्यामुळे "केअर लिस्टेड" म्हणून पैसे मागणाऱ्या नियतकालिकांच्या जाळ्यात सापडू नका. चार दिवसांत लेख स्वीकारतो म्हणणाऱ्याने तो वाचलेला नसतो.

९. जमा करण्याआधी

साम्याचे, म्हणजे दुसऱ्यांच्या मजकुराशी जुळणाऱ्या भागाचे, टप्पे यूजीसीच्या २०१८ च्या विनियमांत आहेत. १० टक्क्यांपर्यंत दंड नाही. १० ते ४० मध्ये ठरलेल्या मुदतीत, जास्तीत जास्त सहा महिन्यांत, दुरुस्त करून द्यायचं. ४० ते ६० मध्ये एक वर्ष प्रबंध देता येत नाही. ६० च्या वर नोंदणीच रद्द. संदर्भ दिलेली अवतरणं, संदर्भसूची, अनुक्रमणिका आणि ऋणनिर्देश या मोजणीत धरत नाहीत. आकडा खाली आणायला शब्दांची अदलाबदल करणारी दुकानं निघाली आहेत. "दंड वसूल" चं "शिक्षा गोळा" करून आणलेलं वाक्य परीक्षक लगेच ओळखतो.

विद्यापीठाची अधिकृत तपासणी होण्यापूर्वी ग्रंथालयातून एक तपासणी करून घेता येते का विचारा. त्यानंतर पूर्व-सादरीकरण होईल. तिथल्या सूचना प्रबंधात कुठल्या पानावर घेतल्या त्याची यादी करून गाइडची सही घ्या. शेवटी बांधणी. शुद्धलेखन झाल्याशिवाय बाइंडरकडे जाऊ नका. सोनेरी अक्षरांत चुकलेलं शीर्षक खोडता येत नाही.

१०. परीक्षक, व्हायवा आणि कागद हातात येईपर्यंत

प्रबंध गाइडखेरीज विद्यापीठाबाहेरच्या निदान दोन परीक्षकांकडे जातो. व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षा, दोघांनीही स्वीकाराची शिफारस केली तरच होतो. एकाने नाकारलं तर तिसऱ्याकडे पाठवतात, आणि त्यानेही नाकारलं तर प्रबंध अमान्य. ही सगळी प्रक्रिया सहा महिन्यांत पुरी व्हावी असा नियम आहे. उशीर होत असेल तर तोंडी चौकशी करत बसू नका. परीक्षा विभागाला जमा केल्याची तारीख आणि आवक क्रमांक लिहून अर्ज द्या, आणि पोच घ्या.

परीक्षकांचे अहवाल मिळाले की प्रत्येक शेऱ्याला लेखी उत्तर तयार करा: काय मान्य, कुठे बदललं, काय मान्य नाही आणि का. व्हायवात बहुतेक प्रश्न यातूनच येतात. सादरीकरणात प्रकरणवार गोष्ट सांगू नका, प्रश्न आणि सापडलेलं उत्तर सांगा. एखादी गोष्ट पाहिली नसेल तर "ती साधनं मी पाहिलेली नाहीत" एवढं म्हणा. वाद घालून जिंकलेला व्हायवा कुणी पाहिलेला नाही. व्हायवा खुला असतो, तेव्हा नातेवाईक येतील. पेढे नंतर.

त्यानंतर राहिलेल्या दुरुस्त्या, आणि प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत. पदवी जाहीर होण्यापूर्वी विद्यापीठाने ती शोधगंगा चालवणाऱ्या इन्फ्लिबनेटला द्यायची असते, म्हणून तुमची फाइल अडली की पदवीची अधिसूचनाही अडते. अधिसूचना निघेपर्यंत नावाआधी डॉ. लावू नका, पुतण्याच्या लग्नपत्रिकेतसुद्धा. पदवीदान समारंभ लांब असेल तर हंगामी प्रमाणपत्र मागून घ्या. ही पदवी यूजीसीच्या विनियमांनुसार दिली आहे, हे वाक्य त्यात आहे का ते खिडकीवरच वाचा, आणि नसेल तर तिथेच परत द्या. प्राध्यापकाच्या जागेसाठी अर्ज कराल तेव्हा छाननीत तेच बघतात.